बांधावरची उन्हाळी

तेरला आलेला माणूस त्रिविक्रम मंदिराच्या जुन्या विटा पाहतो, गोरोबाकाकांच्या समाधीवर डोकं टेकतो, लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती मूर्तीपुढे रेंगाळतो. पायाशी फुललेल्या उन्हाळीच्या झुडपाकडे मात्र त्याचं लक्ष जात नाही.

तिचं बिऱ्हाड मुरमाड माळावर, बांधावर, गाडीवाटेच्या कडेला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या गावाची नोंद तगर अशी आहे, इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई. त्या वाटांच्या कडेलाही ती असणारच.

उंची जेमतेम गुडघ्याएवढी, म्हणून फूल पाहायचं तर वाकावं लागतं. जांभळट गुलाबी, करंगळीच्या नखाएवढं. मागे उभारलेली एक रुंद पाकळी, दोन बाजूंना दोन, आणि मधे दोन पाकळ्या जुळून झालेली इवली होडी. मधमाशी त्या होडीवर उतरली की होडी दबते आणि आतले पुंकेसर तिच्या अंगाला लागतात. तुरीच्या, हरभऱ्याच्या फुलाची ठेवणही हीच. घरोघरी वरण शिजतं त्या डाळींच्याच कुळातली ही, फक्त हिला कुणी पेरत नाही.

पानाची गंमत तर हातात घेऊनच बघावी. बारीक पान टोकाशी धरून ओढलं की ते आडवं तुटत नाही. शिरांच्या रेषेत तिरपं फाटतं आणि बाणाच्या पिसाऱ्यासारखी खाच पडते. आयुर्वेदातली शरपुंखा ती हीच. यकृत आणि प्लीहेच्या दुखण्यांवर वैद्य ती देत आले. तिच्यात मासे गुंगवणारी द्रव्यंही आहेत, म्हणून ठेचलेला पाला डोहात टाकून मासे धरायची रीत अनेक ठिकाणी होती.

खरी कमाई जमिनीखाली आहे. सोटमूळ खोल जातं, म्हणून पावसानं ओढ दिली तरी ती तग धरते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. त्याच नत्रासाठी शेतकरी युरियाच्या गोणीला पैसे मोजतो, आणि बांध ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून तणनाशक मारून उन्हाळी जाळतो. हे बघवत नाही. बांधावरच्या तिच्या मुळ्या माती धरून ठेवतात. पिकात शिरली तर खुरपं आहेच.

शेंगा चपट्या, किंचित वर वळलेल्या. वाळल्या की तडकतात, साली पिळवटतात आणि बी आसपास उडतं. बियांची साल टणक असते, त्यामुळे सगळं बी एकाच पावसात उगवत नाही. काही पुढच्या पावसाळ्यांसाठी मातीत राहतं.