'मग' हे क्रियापद

गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत एका विद्यार्थ्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर इतके बिनचूक दिले की, मी थक्क झालो. "आता हेच तुझ्या शब्दांत सांग," असे म्हणताच तो घुटमळला आणि निर्मळ चेहऱ्याने म्हणाला, "सर, अर्थ नाही कळला. मग-अप केलंय." मी त्याचे गुण कापले, परंतु त्याचे ते क्रियापद घरी पोहोचेपर्यंत माझ्या मनात घोळत राहिले.

इंग्लंडातील विद्यार्थ्यांच्या बोलभाषेत ते एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. तिकडे त्याचा अर्थ परीक्षेच्या तोंडावर एखादा विषय घाईने तयार करणे, इतकाच. शब्दन्‌शब्द पाठ करण्याचा अर्थ त्याला चिकटला तो आपल्याकडे. अमेरिकेत तर नुसते 'मग' म्हणजे एखाद्याला वाटेत गाठून लुबाडणे! त्याची भावंडेही मासलेवाईक आहेत. 'क्रॅम' म्हणजे मुळात कोंबणे, आणि 'स्वॉट' हे घामवाचक 'स्वेट'चेच बोलीतील रूप. 'मग' या नामाचा एक अर्थ तोंड असाही असल्यामुळे आपल्या 'मुखोद्गत'शी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण ते नाते खरे नव्हे. 'मुखोद्गत' म्हणताना आपला स्वर आदराचा असतो, 'मग-अप' म्हणताना तुच्छतेचा. ही तुच्छता मी स्वतः वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे.

आणि तरीही त्या संध्याकाळी मला वडील आठवले. अखेरच्या दोन वर्षांत त्यांची स्मृती गेली होती. मी समोर बसलो की, "आपण कोण?" असे ते अदबीने विचारीत. एकदा काय बोलावे हे सुचेना, म्हणून लहानपणी त्यांनीच माझ्याकडून घोकून घेतलेली अडीचकी मी म्हणू लागलो आणि सतरावर अडखळलो. "साडेबेचाळीस!" डोळे न उघडताच ते गरजले. स्वर तोच, जुना, चूक खपवून न घेणारा. मग आम्ही दोघे मिळून थेट तिसापर्यंत गेलो. मी कोण हे त्यांना त्या दिवशीही कळले नाही. पण तेवढा वेळ मी त्यांचा मुलगा होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. गुण वाढविले नाहीत. अर्थ न कळता केलेल्या पाठांतराला गुण नाहीत, हे माझे मत आजही कायम आहे. फक्त ते उत्तर त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले आणि वाक्यावाक्याला थांबून अर्थ सांगत गेलो. निघताना त्याने विचारले, "म्हणजे पाठ करू नये ना, सर?"

"करावे," मी म्हणालो, "पण मराठीतला 'मग' विसरू नये. आधी पाठ, मग अर्थ."


तो हसला. हा नवा अर्थ त्याने पाठ केला की समजून घेतला, हे मात्र मी विचारले नाही.