विजेचं बचत खातं

वीज ही नोकरदाराच्या पगारासारखी असते. आली की खर्च झालीच पाहिजे. ठेवायला जागा नाही. आम्हा बँकवाल्यांना हिशेबाचा मेळ दिवसातून एकदा बसवावा लागतो, तरी घाम फुटतो. विजेच्या जाळ्याला निर्मिती आणि खप यांचा मेळ क्षणाक्षणाला बसवावा लागतो!

आमच्या छत्रपती संभाजीनगरात पाण्याचा तुटवडा असेल, उन्हाचा कधीच नाही. पण दुपारी सूर्य भरभरून देतो, तेव्हा गिऱ्हाईक कमी. संध्याकाळी सात वाजता घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम सुरू होतात, तेव्हा सूर्य ‘काउंटर बंद’ची पाटी लावून निघून गेलेला.

यावर जुना तोडगा आमच्या शेजारीच आहे. पैठणला जायकवाडी धरणावर १९८४ साली १२ मेगावॉटचा, उलटाही फिरू शकेल असा संच बसवला. वीज उरली की खालचं पाणी वर चढवायचं, लागली की सोडायचं. पाण्याची मुदत ठेवच म्हणा ना!

आता लिथियमचं बचत खातं निघालंय. छत्तीसगडात राजनांदगावला २०२४ साली सौर प्रकल्पाला जोडून १२० मेगावॉट-तासांची बॅटरी सुरू झाली. म्हणजे एक लाख वीस हजार युनिटं. महिन्याला शंभर युनिटं जाळणारं आमचं घर त्यावर शंभर वर्षं चालेल!

आत काय चालतं? लिथियमचे आयन भरताना एका टोकाला जातात, वीज देताना परत येतात. थोडक्यात, रोजचं अप-डाऊन.

“शंभर ठेवले तर किती मिळतात?” सौभाग्यवतींनी विचारलं.

“साधारण पंच्याऐंशी.”

“उलटं व्याज? ही कसली तुमची बँक?”

प्रश्न बिनतोड होता. पण २००५ च्या सुमारास मराठवाड्यातलं भारनियमन ज्यांनी भोगलंय, ते पंच्याऐंशीलाही हात जोडतील. माझ्या धाकट्या बहिणीनं दहावीची भूमिती मेणबत्तीपाशी सोडवली. वर्तुळ काढताना वहीवर मेणाचे थेंब पडायचे. बाहेर दिवसभर ऊन रणरणत असायचं; त्यातलं चमचाभर रात्रीसाठी ठेवायला मात्र आमच्याकडे भांडं नव्हतं.

ही बॅटरी रोज भरून-रिकामी होऊन दहा-पंधरा वर्षांत दमते, म्हणतात. दमू दे बिचारी. अप-डाऊन करणाऱ्याचं दुःख आम्ही जाणतो. पण संध्याकाळी सात वाजता तिचं काउंटर उघडं असतं, हे कुठल्या बँकेला जमलंय?