काळी वायर

बाबांनी मला गाडी शिकवली ती बॉनेटपासून. क्लच-ब्रेक नंतर, आधी बॅटरी. ती सोडवायची तर पहिल्यांदा काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह. जोडताना तीच शेवटी. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे आधी लाल वायर सोडायला गेलं आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, की ठिणगी. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय, की दहा नंबरचा पाना हातात आला की माझा हात आपोआप काळ्या वायरीकडे जातो.

गेली दोन वर्षं दर दुसऱ्या रविवारी मी ही वायर सोडत होते. बाबांच्याच गाडीची.

बाबा आता ८२ वर्षांचे आहेत. काचबिंदूने कडेची नजर गेली. समोर धरलेला पेपर वाचता येतो, पण डावीकडून येणारी स्कूटर दिसत नाही. एकदा ती दिसली नाही. स्कूटरवरच्या मुलीचं कोपर खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. त्याच संध्याकाळी बाबा आपणहून म्हणाले, आता मी चालवणार नाही. मग गाडी विकायची का, असं आईने विचारलं तेव्हा मात्र काही न बोलता उठून आत गेले. तेव्हापासून आमची वॅगन-आर बडोद्याच्या घरी पोर्चमध्ये उभी आहे आणि मी अहमदाबादहून तिच्यासाठी येते. आई म्हणते, आमच्यासाठी इतकी नेमाने येत नव्हतीस.

उभी गाडी झोपलेली असते असं आपल्याला वाटतं. ती झोपत नाही. घड्याळ, रेडिओची स्मरणशक्ती, सेंट्रल लॉक, इंजिनचा संगणक, सगळे थोडं थोडं पीत असतात. हा प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला, तर महिन्याला एकवीस-बावीस अँपिअर-तास होतात, आणि आमची बॅटरी आहे ३५ची. त्यात बडोद्याचा मे महिना. उन्हाने बॅटरी स्वतःच आतल्या आत उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि ते एकदा घट्ट झाले की नंतर कितीही चार्ज करा, पूर्वीची ताकद येत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मला महिना-दीड महिना यायला जमलं नाही. किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक-टक. शेजारच्यांच्या गाडीला केबल लावून ती चालू केली, पण बॅटरी गेली ती गेलीच. नवी बसवणारा म्हणाला, ‘बेन, गाडी तो फेरववी ज पडे.’

शेजाऱ्यांचा सल्ला सोपा होता, रोज पाच मिनिटं चालू करून ठेवा. टाळेबंदीत अर्ध्या सोसायटीने हेच केलं होतं. पण जागच्या जागी पाच मिनिटांत बॅटरीत पडतं ते अगदीच थोडं, आठवड्याची गळती त्याने भरत नाही. उलट इंजिन पुरतं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा, पण अर्धा-पाऊण तास सलग रस्त्यावर न्यावी. मग आम्ही आजव्याच्या रस्त्याला लागायचो. बाबा डावीकडच्या सीटवर. पुढचा ट्रक जवळ आला की त्यांचा उजवा पाय पायपुसणं दाबायचा. मी न पाहिल्यासारखं करायची.

परत आलं की काळी वायर सोडायची. वायर सुटली की गळती थांबते, हे खरं. पण वायर सुटली की गाडी चालूही होत नाही, हेही खरं. आणि यातलं दुसरं कारण मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. किल्ली बाबांच्या खणात होती. ती मागायची माझी छाती नव्हती. मी त्यांनीच शिकवलेल्या गोष्टीची कडी करून लावली होती.

गेल्या जानेवारीत बॉनेट उघडलं तर वायर जोडलेली. टर्मिनल कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने धुतलेलं, वर व्हॅसलीनचा पातळ हात. मीटर लावला. रविवारी फिरवून आणलेली, पंधरा दिवस सुटी ठेवलेली बॅटरी साडेबाराच्या वर हवी, ही १२.३ दाखवत होती. म्हणजे मी गेल्यावर एक-दोन दिवसांतच जोडली गेली असणार. आत बसून मी पहिल्यांदा किलोमीटरचा आकडा पाहिला. मागच्या वेळचा माझ्या फोनमध्ये होता. तोच होता. घड्याळ मात्र मिनिटाला बरोबर लावलेलं.

मान वर केली तर बाबा दारात उभे.

‘दर वेळी घड्याळ बंद पडतं गं,’ ते म्हणाले. ‘सकाळी पोर्चमध्ये चहा घेतो तेव्हा दार उघडून बघतो. बंद बरं दिसत नाही.’

मी गळतीचा हिशेब सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतला, तीसचे एकवीस-बावीस कसे होतात तेही. मग खिशात हात घालून किल्ली काढली आणि बॉनेटवर ठेवली.

‘ही तू ने. वायर राहू दे.’

त्या दिवशी आजव्याला जाताना दोघंही फारसं बोललो नाही.

आता पोर्चमध्ये एक छोटा चार्जर आहे. बॅटरी भरली की स्वतःच प्रवाह कमी करून ती फक्त भरलेली ठेवणारा. त्याची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर येते. आईला खिडकी पुरती लावता येत नाही, म्हणून ती कुरकुरते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जागा उघडी आहे हे बरंच आहे. किल्ली अहमदाबादला माझ्या पर्समध्ये असते. काल बाबांचा फोन आला. दिवा हिरवा आहे, तिसऱ्या आणि चौथ्या खान्यात पाणी खाली गेलंय, येताना डिस्टिल्ड वॉटरची बाटली आण, म्हणाले. नळाचं घालू नकोस, हेही सांगितलं.