‘नोवो’ की ‘नुओवो’?

एका शब्दकोशाच्या नावातल्या एका स्वरावरून भांडण होऊ शकतं का हो? इटलीत झालंय. आणि तेही साधंसुधं नाही, आख्ख्या देशाने कुठली भाषा बोलायची यावरून!

तर मंडळी, १८६१ मध्ये इटलीचं एकसंध राज्य झालं. देश झाला खरा, पण भाषेचं काय? तुलिओ दे माउरो या अभ्यासकाने १९६३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तेव्हा इटालियन बोलता येणारे शंभरात जेमतेम अडीच जण होते. नंतर काहींनी हा आकडा दहापर्यंत नेला, पण म्हणजे तरी नव्वद लोक आपापल्या बोलीतच. सरकारने उपाय विचारला तो थोर कादंबरीकार मान्झोनीला. त्याने १८६८ मध्ये सांगून टाकलं : फ्लॉरेन्सचे सुशिक्षित लोक आज जसं बोलतात तसंच सगळ्यांनी बोलायचं. त्यासाठी शब्दकोश छापा, तिकडचे मास्तर गावोगावी पाठवा. गंमत म्हणजे मान्झोनी स्वतः मिलानचा!

१८७० पासून तो शब्दकोश निघू लागला. नाव ‘नोवो व्होकाबोलारिओ’, म्हणजे नवा शब्दकोश. आणि इथेच माझा हिरो एंट्री घेतो.

ग्रात्सियादियो इसाया आस्कोली. जन्म १८२९, तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या गोरित्सिया गावात, एका ज्यू कुटुंबात. आजूबाजूला इटालियन, जर्मन, स्लोव्हेन आणि फ्रिउलीची बोली, सगळं एकत्र कानावर पडायचं. विद्यापीठाची पायरी न चढता गडी भाषा शिकला. १८४६ मध्ये, सोळा-सतराव्या वर्षी, फ्रिउलीच्या बोलीवर पहिलं लिखाण छापून मोकळा! (त्या वयात मी सीईटीचे क्लास करत होतो. असो.) १८६१ मध्ये मिलानला थेट प्राध्यापक.

संस्कृतवरही त्याची हुकमत होती. ‘शतम्’ला लॅटिनमध्ये ‘केंतुम्’, ‘दश’ला ‘देकेम्’. म्हणजे तिथे संस्कृतात श, लॅटिनमध्ये क. पण प्रश्न विचारणाऱ्या ‘कः’ला लॅटिनमध्ये ‘क्विस्’. इथे मात्र संस्कृतातही क. असं का? १८७० मध्ये आस्कोलीने दाखवलं की मूळ भाषेत हे ध्वनी वेगवेगळ्या गटांतले असले पाहिजेत. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग वाचून, कधीच हाती न आलेल्या सोर्स कोडमधलं व्हेरिएबल शोधून काढलं!

१८७३ मध्ये त्याने स्वतःचं नियतकालिक काढलं आणि प्रस्तावनेत सुरुवातच त्या ‘नोवो’पासून केली. देशभरचे शिकलेले लोक ‘नुओवो’ लिहितात. तो शब्द फार पूर्वी फ्लॉरेन्सकडूनच सगळ्यांनी घेतलेला. आता फ्लॉरेन्सचा उच्चार बदलला, म्हणून काय सगळ्या देशाने पाटी पुसायची? त्याने जर्मनीचं उदाहरण दिलं. तिथे भाषेवर राज्य करणारं असं एक शहर नव्हतं, तरी भाषा एक झाली, कारण ठिकठिकाणची खूप माणसं एकत्र विचार करत होती, लिहीत होती. इटलीचं दुखणं दुसरंच. लिहिणारे-विचार करणारे मोजके, आणि त्यांनाही नटव्या शैलीचा सोस. आधी माणसं कामाला लागू द्या, समान भाषा त्यातूनच येईल, असं त्याचं म्हणणं. आणि बोली? त्याच पहिल्या खंडात त्याने आल्प्सच्या खोऱ्यांतल्या बोलींवर शेकडो पानं लिहिली. बोली म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे, तिच्या रूपांनाही नियम असतात, हे त्या पानांवरून कळतं.

हे वाचताना मला आमच्या टीममधला एक ज्युनिअर आठवत राहिला. मी अकोल्याचा, तो यवतमाळकडचा. पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या ‘करून राहिलो’ची नक्कल झाली. वाईट हेतूने नाही, नुसती मजा. पण तेव्हापासून पोरगा मीटिंगमध्ये फक्त इंग्रजी बोलतो, आणि ते कच्चं आहे. कॅन्टीनमध्ये मला वऱ्हाडीत अख्खं डिझाइन समजावून देतो, आणि मीटिंगमध्ये त्याच डिझाइनची दोन वाक्यं होतात. उरलेलं कुठे जातं? कुठेच नाही. ते टीमला मिळतच नाही.

प्रमाण मराठी नको असं मी म्हणत नाही. हे मी प्रमाण मराठीतच तर लिहितोय. आस्कोलीलाही देशाला एक भाषा हवीच होती. पण एका गावाचं तोंड बघून बाकीच्यांनी गप्प बसावं, हे त्याला मंजूर नव्हतं.

आस्कोली १९०७ मध्ये मिलानला गेला. इटलीला समान भाषा मिळाली ती पुढे, शाळा, सैन्य, कारखाने आणि टीव्ही यांतून, हळूहळू. आणि हो, इटालियन माणूस आजही ‘नुओवो’च म्हणतो.

सोमवारी डिझाइन रिव्ह्यू आहे. त्या पोराला मी सगळ्यांसमोर विचारणार आहे, “काय म्हणून राहिला बे तू परवा कॅन्टीनमध्ये? सांग ना यांना.”