आधी गिअरबॉक्स, मग इंजिन

नवघर, भाईंदर (पूर्व)

चि. ओंकार यास,


तुझं पत्र आणि तू बांधणार असलेल्या गाडीच्या चेसिसचा नकाशा मिळाला. पाइपांची जुळणी गाल्यातल्या वेल्डरला दाखवली, त्याला आवडली. पण खर्चाच्या कागदावर इंजिन पहिल्या ओळीत आणि गिअरबॉक्स ‘किरकोळ’च्या जेमतेम वर, हे काही पटलं नाही. इंजिन सीट आणि मागच्या चाकांच्या मध्ये बसवायचं, तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात हवेत. असा ट्रान्सॲक्सल कोणता परवडतो ते आधी ठरव. इंजिन त्याच्याबरोबर येईल.

तुझं मन पोर्शेच्या जी-५० वर आहे. बॉक्स उत्तमच. पण ९११ मध्ये इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं. तू ते पुढे घेणार, म्हणजे सगळं उलटं फिरवणार. डिफरन्शियलचं क्राउन व्हील दुसऱ्या बाजूला नेलं नाहीस तर पाच गिअर रिव्हर्सचे आणि पुढे जायला एक! लोटसने १९६६ च्या ‘युरोपा’ गाडीत रेनॉ १६ चं इंजिन-गिअरबॉक्स असंच फिरवून बसवलं, तेव्हा त्यांनाही ही उलटापालट करावी लागली होती. उभ्या इंजिनाच्या ऑडीचा बॉक्स त्या मानाने सोपा, तिथे इंजिन ॲक्सलच्या पुढेच असतं, तसंच मागे नेता येतं. मात्र वापरलेलं सामान परदेशातून आणायचं म्हणजे परवाना, कस्टम, भाडं. आणि पुढे एखादी सिंक्रो रिंग गेली की पुन्हा तेच.

आपल्याकडे ज्यांनी हे केलं त्यांची वाट बघ. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन आणि गिअरबॉक्स ड्रायव्हरच्या पाठीमागे नेऊन फॉर्म्युला मारुती उभी केली, आणि त्या स्वस्त गाडीवर कितीतरी पोरं रेसिंग शिकली. दिलीप छाब्रियांची अवंती २०१२ च्या ऑटो एक्स्पोत आली, तिच्यातही रेनॉचं दोन लिटरचं टर्बो इंजिन. टाटांनी २०१७ ला जिनिव्हात रेसमो दाखवली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन सीटमागे. ती बाजारात आलीच नाही, याची मला अजून हळहळ वाटते. म्हणजे कंपन्यासुद्धा हाताशी असलेल्याच सामानात भागवतात.

म्हणून माझं मत स्विफ्टच्या पेट्रोल जोडीचं. आडवं इंजिन, शेजारी बॉक्स, सगळा संच तसाच मागे. चाकं योग्य दिशेनेच फिरतात, काही उलटवावं लागत नाही. ‘एवढासा बॉक्स टिकेल का?’ असं तू विचारशील. तुझी गाडी स्विफ्टपेक्षा बरीच हलकी होणार, त्यामुळे दातांवरचा ताण कमीच. बॉक्स सहसा मोडतो तो झटक्याने, क्लच धाडकन सोडल्यामुळे. टॉप स्पीडचं वेडही सोड. समजा पाचव्या गिअरचं प्रमाण ०.८ आणि फायनल ४.१, इंजिन ६,००० फेऱ्यांवर, टायरचा घेर १.८ मीटर: ताशी सुमारे १९८ किलोमीटर होतात. दोनेक किलोमीटरच्या ट्रॅकवर तो वेग येणार कुठून? तिथे दुसरा आणि तिसराच कामाचा.

आता पैसा. बॉक्सची किंमत म्हणजे लग्नातला फक्त हॉलचा खर्च. बॉक्सला एक रुपया धरलास तर सोबतच्या सामानाला दीड धर. ड्राइव्ह शाफ्ट दोन्ही बाजूंना वेगळ्या लांबीचे लागतील. जुने कापून वेल्ड करू नकोस, ईएन-२४ च्या सळईतून नवे करून स्प्लाइन पाडू आणि हीट ट्रीटमेंट देऊ. ते काम इथे भाईंदरात होईल, मजुरीचं माझ्यावर सोड. गिअरच्या केबल लांब लागतील, त्या बनवून घ्याव्या लागतात. क्लचची केबल एवढ्या वळणांतून जड चालते, तिथे हायड्रॉलिक घाल. माउंटिंग, नवीन क्लच प्लेट, सगळी सील आणि बेअरिंगं आत्ताच. इंजिन आत बसल्यावर हात पोचत नाही. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल यंदा नको.

खरेदीला कुर्ल्याला जाऊ. सुटा बॉक्स घेण्यापेक्षा अपघातात पुढून शाबूत राहिलेल्या गाडीचा पूर्ण संच बघू, कारण वायरिंग, ईसीयू, हब हे सगळं एकाच गाडीचं लागतं. तेल काढून बोटांवर चोळायचं: पितळी चकाकी थोडी असली तर सिंक्रोची झीज, लोखंडी कीस दिसला तर उठायचं. प्रत्येक गिअर हाताने टाकून शाफ्ट फिरवायचा. इंजिन नंबर आणि कागदपत्रं नसतील तर कितीही स्वस्त असो, नको. चोरीचा माल गळ्यात पडतो.

आणि ही गाडी रस्त्यावर काढायचं मनातून काढ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या रचनेत असा फेरफार चालत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. ट्रॅकपर्यंत ट्रेलरवरून न्यायचं भाडंसुद्धा त्या कागदावर लिही.

नवा हिशेब पाठव. मागच्या चाकांतलं अंतर आणि हब कोणते ते त्यात नक्की असू दे, म्हणजे शाफ्टची लांबी मला काढता येईल. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा