मोबाइल लेकीचा, कुलूप कंपनीचे

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हते. १९७२ च्या दुष्काळात ती बीड जिल्ह्यातून आम्हा भावंडांना घेऊन तुर्भ्याच्या दगडखाणीवर आली. मी तेव्हा चार वर्षांची होते. नवी मुंबई त्या वेळी सिडकोच्या नकाशावरच होती. जमिनीवर होते ते डोंगर, खाणी, धूळ आणि आमच्या झोपड्या. आईने त्या खाणीत किती वर्षे दगड वाहिला, याचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही. तो फक्त तिच्या तोंडी होता.

२०२० साली टाळेबंदी लागली आणि माझ्या लेकीचे ऐरोलीचे ऑफिस घरातच आले. ती एका कंपनीत परदेशी ग्राहकांच्या विम्याची कागदपत्रे तपासण्याचे काम करायची. काम संपले की आजीजवळ बसायची आणि मोबाइल पुढे धरून म्हणायची, "आजी, खाणीतलं सांग ना." आई सांगत राहायची. असे चौदा तुकडे तिने भरून ठेवले. २०२२ मध्ये आई गेली. त्यानंतर महिनाभर आमच्याने ते ऐकवले नाहीत. म्हटले, आहेत ना मोबाइलमध्ये, जातात कुठे?

२०२३ मध्ये लेकीला दुसरी, बऱ्या पगाराची नोकरी लागली. पहिल्या कंपनीतला शेवटचा दिवस. तिने ओळखपत्र जमा केले, मैत्रिणींबरोबर फोटो काढले आणि संध्याकाळची गाडी पकडली. घणसोली सुटल्यावर तिच्या हातातला मोबाइल आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला. पाहते तर दुकानातून नवा आणल्यासारखा कोरा! फोटो नाहीत, नंबर नाहीत, आजी नाही. घरी आली ती दारातच बसून रडू लागली. मला वाटले, गाडीत कुणी छेड काढली की काय.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीत फोन लावला. पलीकडचा मुलगा तोडून बोलला नाही, त्यालाही वाईट वाटले असावे. पण त्याने सांगितले ते असे: ताई, तुम्ही कंपनीची मेल स्वतःच्या फोनवर घेतली तेव्हा एक ॲप टाकले होते. त्याला फोनचा पूर्ण ताबा देताय का, असे विचारले होते. तुम्ही हो म्हटले होते. माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी आमच्याकडून फोन पुसण्याचा हुकूम सुटतो. तसे धोरणात लिहिले आहे, खाली तुमची सही आहे.

सही होती. टाळेबंदीच्या गडबडीत, इंग्रजीच्या अकरा पानांखाली, नोकरी टिकावी म्हणून केलेली.

मी स्वतः टीटीसीच्या पट्ट्यात एका औषधांच्या कंपनीत बावीस वर्षे पॅकिंगला होते. सुटी झाली की गेटवर आम्हा बायकांची रांग लागायची. रखवालदार बाई डबा उघडायला लावायची, पिशवी चाचपायची. अपमान वाटायचा. पण गेटबाहेर पाऊल टाकले की पिशवी माझी. तिच्यात मग कुणी हात घालत नसे. आता गेटच पोरांच्या खिशात बसून घरी येते आणि आपल्याला ते दिसतही नाही.

कंपनीची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. २००५ साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकन बँकेच्या ग्राहकांकडून गोड बोलून त्यांचे गुप्त आकडे काढून घेतले आणि लाखो डॉलर दुसऱ्या खात्यांत वळवले. जून २०१७ मध्ये तर आपल्या शेजारी, उरणच्या जेएनपीटी बंदरात, एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेला तो व्हायरस जगभर फिरून इथवर आला होता. माझ्या लेकीच्या फोनवर ज्यांच्या आजारपणाचे कागद येत, तीही कुणाची तरी आई-मुलेच. तिचा मोबाइल गाडीत चोरीला गेला असता तर? तेव्हा कंपनीने आपली माहिती पुसावी, जरूर पुसावी. प्रश्न एवढाच की आपली पुसताना आमची का पुसली?

हे टाळता येते, हे नंतर कळले. भाच्याने समजावून सांगितले. अँड्रॉइड फोनमध्ये २०१४ पासूनच कामासाठी वेगळा कप्पा करायची सोय आहे. त्या कप्प्यातल्या ॲपवर ब्रीफकेसचे लहान चिन्ह असते. कंपनीला तेवढ्याच कप्प्याची किल्ली मिळते. नोकरी सुटली की तेवढा कप्पा रिकामा होतो आणि तुमचे फोटो जिथल्या तिथे राहतात. पण त्याऐवजी 'डिव्हाइस ॲडमिन' म्हणून परवानगी मागितली आणि आपण दिली, तर सबंध घराच्या किल्ल्या दिल्यासारखे होते. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या सदरात ती यादी बघता येते. बहिणींनो, आज रात्री आपल्या मुलामुलींना ती उघडून बघायला सांगा. घरचे फोटो-आवाज पेनड्राइव्हवरही उतरवून ठेवा. मात्र तो पेनड्राइव्ह ऑफिसच्या संगणकाला लावू नका, नाहीतर नोकरी जायची!

खरे म्हणजे मूळ दुखणे वेगळेच आहे. मला हातमोजे, ॲप्रन, टोपी कंपनीची मिळे. कामाचे हत्यार मालकाने द्यावे, ही कामगारांची जुनी रीत. मोबाइल आला आणि ती रीत गुपचूप मोडली. आपल्या अंगणवाडी सेविकांनी मात्र ती बोलून दाखवली. २०१९ मध्ये राज्य सरकारने त्यांना मोबाइल दिले. ते कामाच्या भाराला पुरेनात, तापू लागले, बंद पडू लागले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाइल परत केले. बाळांची वजने, गरोदर बायांची माहिती भरायची तर चांगले यंत्र द्या, हे त्यांचे म्हणणे. कंपनीतल्या शिकल्या-सवरल्या पोरांना मात्र "मला वेगळा फोन द्या" म्हणायला लाज वाटते. लेकीला विचारले, तर म्हणाली, "आई, असं विचारलं तर हिला काम नको म्हणतात."

१९४७ साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत हक्कांचे एक कलम सुचवले होते. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची वाजवी कारणावाचून झडती वा जप्ती होऊ नये, असा त्याचा आशय. ते कलम घटनेत आले नाही. पुढे सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. अर्थात तो हक्क मुख्यतः सरकारपुढे मागायचा. कंपनीशी आपला करार असतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले. पण नोकरीच्या कामासाठी आणि आपले नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मोकळीक त्यात मालकाला ठेवलेली आहे. म्हणजे सहीच्या आधीच विचारायला हवे: नोकरी सोडताना काय पुसणार? लेखी द्याल का?

नव्या नोकरीत लेकीने हे विचारले. आठ दिवस ती धास्तावलेली होती. नवव्या दिवशी उत्तर आले, वेगळा कप्पा करून देऊ. फोन काही मिळाला नाही.

चौदापैकी एकच तुकडा वाचला, तोही माझ्या भावाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता म्हणून. चार मिनिटांचा आहे. त्यात आई म्हणते, "मुकादम वहीत काय लिवतो, ते मला कुठं कळतंय? म्हनून म्या सुतळी ठेवली व्हती. एक टरक भरला की एक गाठ. हप्त्याच्या दिशी सुतळी त्याच्याम्होरं टाकायची. म्हनायचे, मोज." मग कुकरची शिट्टी होते आणि आई म्हणते, "गॅस बारीक कर गं," आणि तिथेच तो तुकडा संपतो.