दुसरा गिअर

आपल्या हॉस्टेलच्या निम्म्या खोल्यांत भिंतीवर फेरारी चिकटवलेली आहे. खाली पार्किंगमध्ये मात्र स्प्लेंडर! माझ्या मते आपल्या भागातली खरी स्पोर्ट्स कार एकच, जिप्सी. हसू नका. रेड-द-हिमालयसारख्या रॅलीत हीच गाडी वर्षानुवर्षं धावली, आणि ताडोब्यात वाघ पाहायला गेलेल्या कित्येकांनी तिच्यातच बसून धूळ खाल्ली. मारुतीने ती १९८५ साली आणली, १९९६ साली १.३ लिटरची ‘जिप्सी किंग’ आली, आणि २०१९ नंतर सामान्य गिऱ्हाइकाला नवी जिप्सी मिळेनाशी झाली. म्हणजे आता ज्याच्याकडे आहे त्याने ती सांभाळायची.

आरमोरीला आमच्या मामांकडे अशी एक किंग आहे. शेतावर जाणं, धानाचे दिवस, वडशाच्या स्टेशनवरून पाहुणे आणणं, सगळं तिच्यावर. गेल्या दिवाळीत मी गेलो तर पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना ‘खर्रर्र’! रिव्हर्सला तर शेजारचे बाहेर येऊन बघायचे. नागपूरच्या एका गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच “गिअरबॉक्स गेला” असं सांगून २२ हजारांचा आकडा काढला. त्यात पंधरा वर्षं झालेली, म्हणजे आरटीओत पुन्हा नोंदणी. मामी म्हणाली, “विकून टाका एकदाची.” गिऱ्हाईकही येऊन बघून गेलं होतं. मामा काही बोलत नव्हते, नुसते बोनेट उघडून उभे राहायचे. ही गाडी त्यांनी आजोबांना दवाखान्यात न्यायला घेतली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलून दाखवत नाही.

आपण सिंक्रोमेश पुस्तकात वाचतो, आकृती काढतो, सात मार्क घेतो आणि विसरतो. मी कॉन्व्हेंटवाला, मला ‘बॉल्क रिंग’ म्हणता येतं. आरमोरीचे मिस्त्री तिला ‘पितळी रिंग’ म्हणतात, आणि त्यांना ती जास्त कळते. गंमत अशी की गिअर टाकताना गिअरचे मोठे दाते सरकतच नाहीत. ते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. सरकते ती स्लीव्ह. शाफ्ट एका वेगाने फिरतो, गिअर दुसऱ्या. पितळी रिंग आधी गिअरच्या निमुळत्या कोनावर घासते, दोघांचा वेग जुळवते, आणि तो जुळेपर्यंत स्लीव्हला दारात उभं ठेवते. चिमुकला ब्रेकच म्हणा! कॅडिलॅकने हे १९२८ साली प्रथम गाडीत घातलं. त्याआधी डबल क्लच मारून ड्रायव्हरलाच वेग जुळवावा लागे. जुने ट्रकवाले तेच करत.

पण क्लच पूर्ण सुटतच नसेल तर? मग इंजिन गिअरबॉक्सला फिरवतच राहतं आणि ती बिचारी रिंग अख्ख्या इंजिनाशी कुस्ती खेळते. तिचा दोष नसताना नाव तिचं खराब.

मामा दांडी जोरात ढकलत होते. मिस्त्री म्हणाले, “जोर कायले लावता भाऊ? तिले थोडा दम खाऊ द्या. अन् आधी इंजिन बंद करून पाहा.”

इंजिन बंद असताना पाचही गिअर आणि रिव्हर्स सुरळीत पडले. फक्त दांडी खिचडीतल्या पळीसारखी हलत होती. मग इंजिन चालू, गाडी जागेवर, क्लच पूर्ण दाबून चार सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. खर्रर्र! म्हणजे क्लच सुटत नाही. खाली वाकून पाहिलं तर क्लचची वायर टोकाला उसवलेली, अर्धं पेडल नुसतंच खाली जायचं. नवी वायर टाकली, नट फिरवून पेडल साधारण बोटभर मोकळं ठेवलं. रिव्हर्स गप्प!

दांडीचा प्लास्टिकचा बुश बदलला. गिअर ऑइल सोडलं ते काळंकुट्ट, आणि त्यात उन्हात चमकणारी पितळी कणी. ती बघून मिस्त्री जरा वेळ बोललेच नाहीत. नवं तेल त्यांनी जीएल-४ मागवलं. दुकानदार जीएल-५ “जास्त भारी” म्हणून देत होता, पण डिफरन्शिअलसाठी चांगलं असलेलं ते तेल पितळी रिंगला मानवेलच असं नाही, आणि फार निसरडं असलं तर रिंगला पकडही मिळत नाही. तेलाच्या डब्यावरचा मोठा आकडा म्हणजे वरचा वर्ग नव्हे!

सगळं मिळून खर्च २२ हजारांच्या दहाव्या हिश्शाइतकाही झाला नाही. पण गाडी काही नवी झाली नाही. सकाळी इंजिन थंड असताना दुसरा गिअर अजून एकदा कुरकुरतो. दुसऱ्याची रिंग झिजलीच आहे. कधीतरी गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मिस्त्रींनी ते मामांना स्पष्ट सांगितलं, आणि तोवर तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना डबल क्लच मारायला शिकवलं: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून हलकी रेस, पुन्हा क्लच, दुसरा. मामा दोन दिवस ब्रह्मपुरी रस्त्यावर, वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे तेच करत होते. तिसऱ्या दिवशी आवाज न होता गिअर पडला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसती मान हलवली.

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. रिंगचं काम मळणी आटोपल्यावर. मामीची अट एकच: तोपर्यंत तिच्या माहेरी जाताना गाडी मामांनीच चालवायची, मी नाही.